पिकअपला ‘थंड हवेचे किट’ : फायदा कोणाचा?

नारपोलीत यंत्रमागाच्या खडखडाटाइतकीच सवयीची झालेली दुसरी गोष्ट म्हणजे पिकअप आणि टेम्पोंची रांग. सुताच्या बॅगा आणि बीम आत येतात, ग्रे कापडाचे तागे बाहेर जातात, आणि आता गोदामांचा मालही याच रस्त्यांनी वाहतो. कारखानदार, दलाल, गाडीमालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री अशा अनेक घरांची रोजी या चाकांवर चालते. डिझेलचा खर्च वाचवण्याची जो तो धडपड करतो आणि त्या धडपडीतच नवनवीन ‘उपाय’ बाजारात खपतात.

त्यातलाच एक उपाय म्हणजे ‘कोल्ड एअर इनटेक’, साध्या भाषेत थंड हवेचे किट. कंपनीने दिलेली एअर फिल्टरची पेटी काढायची, तिच्या जागी जाड चकचकीत पाइप आणि शंकूच्या आकाराचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर बसवायचा. अ‍ॅव्हरेज वाढेल, गाडीची खेच वाढेल आणि फिल्टर बदलण्याचा खर्च कायमचा सुटेल, असे सांगितले जाते. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी खिशात हात घालण्यापूर्वी हे दावे तपासून पाहावेत, यासाठी हा लेख.

दाव्यात तथ्य किती?

थंड हवा जास्त दाट असते, हे खरे आहे. हवा १० अंशांनी थंड झाली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढते. या किटचा शौक अमेरिकेतून आला. तिथे मोठ्या पेट्रोल इंजिनांचे पिकअप लोक हौसेने बाळगतात. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ठरावीक प्रमाणात, वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल असे लागते. म्हणून पूर्ण वेग घेताना जास्त हवा मिळाली तर थोडी जास्त ताकद मिळू शकते.

आपले मालवाहू पिकअप बहुतेक डिझेलवर चालतात आणि डिझेल इंजिनाचे गणित वेगळे आहे. त्यात गरजेपेक्षा जास्त हवा मुळातच जात असते. ताकद किती मिळणार हे हवेवर नव्हे, तर पंप किती डिझेल सोडतो यावर ठरते. शिवाय टर्बो हवा दाबतो तेव्हा ती चांगलीच तापते आणि इंटरकूलर तिला पुन्हा थंड करतो. तोंडाशी हवा पाच-सात अंश थंड घेतली, तरी पुढच्या या प्रवासात त्या फरकातले फारसे काही उरत नाही. बहुतेक नव्या गाड्यांत मूळ नळी इंजिनाच्या उष्णतेपासून बाजूला, बाहेरचीच हवा घेते. उलट पेटीविना उघडा बसवलेला शंकू बॉनेटखालची गरम हवा ओढतो. अंजूरफाट्याच्या किंवा कशेळीच्या कोंडीत गाडी रांगत असताना ‘थंड हवा’ हे नावच उरते.

अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याच विषयावर अहवाल दिला. संगणकावर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवून पाहिले, तरी त्यांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. वेग घेण्याची ताकद मात्र कमी झाली. चोंदलेल्या फिल्टरनेही जिथे अ‍ॅव्हरेज फारसे घटले नाही, तिथे स्वच्छ फिल्टरऐवजी महाग फिल्टर लावून ते कितीसे वाढणार?

भिवंडीची हवा आणि फिल्टरचे काम

अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर चालले, तर टर्बोचा दाब न धरताही मिनिटाला सुमारे २५०० लिटर हवा ओढते. म्हणजे तासाला दीड लाख लिटर. आपल्याकडच्या हवेत काय असते, हे आपण जाणतोच. रस्त्याची धूळ, गोदामांच्या बांधकामाची माती आणि यंत्रमागातून उडणारे कापसाचे तंतू. तंतू जाळीवर गोधडीसारखे बसतात आणि हवा अडवतात. मातीतले वाळूचे बारीक कण त्याहून घातक असतात. ते आत गेले तर पिस्टन रिंगा, सिलिंडर आणि टर्बोची पाती घासून काढतात.

कागदी फिल्टर हे कण पकडण्यात पटाईत असतो. थोडी धूळ बसल्यावर तर तो आणखी बारीक कण अडवतो. तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर हवा मोकळी सोडतो, पण बहुधा धूळही जास्त सोडतो. धुतल्यावर तेल कमी पडले तर धूळ आत जाते. जास्त झाले तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसू शकते. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत असा सेन्सर बिघडला की धुराच्या नियंत्रणाची सगळी साखळी गडबडते.

पावसाळ्याचा धोका आणखी वेगळा आहे. कामवारी नदीचा काठ आणि शहराचे सखल भाग पाण्याखाली जातात. काही किटमध्ये थंड हवेसाठी फिल्टर खाली, बंपरजवळ बसवतात. साचलेल्या पाण्यातून गाडी काढताना इंजिनाने पाणी ओढले, तर पाणी हवेसारखे दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. तेवढ्या दिवसांचे भाडे बुडते ते वेगळेच.

हिशेब मांडून पाहा

समजा, गाडी रोज ८ लिटर डिझेल खाते आणि महिन्याला २५ दिवस चालते. म्हणजे २०० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर १८,००० रुपये. विक्रेता ५ टक्के बचत सांगतो, ती जशीच्या तशी मानली तरी महिन्याला ९०० रुपये झाले. किट १५,००० रुपयांना पडले, तर नुसती मुद्दल सुटायला सुमारे १७ महिने लागतील. आणि बचत मुळात नसेल, तर मुद्दल कधीच सुटणार नाही.

‘आमच्या गाडीत फरक पडला’ असे सांगणारेही भेटतात. त्यात बऱ्याचदा तुलना जुन्या चोंदलेल्या फिल्टरशी झालेली असते. खरी परीक्षा करायची असेल तर आधी नवा कागदी फिल्टर घाला. तोच ड्रायव्हर, तोच रस्ता, तेवढाच माल आणि तोच पंप ठेवून चार-पाच वेळा टाकी पूर्ण भरून अ‍ॅव्हरेज लिहून ठेवा. मग किट लावून तसेच मोजा. जो विक्रेता अशा चाचणीला आणि फरक न पडल्यास पैसे परत करायला तयार नाही, त्याला आपल्या मालाची किती खात्री आहे हे वेगळे सांगायला नको.

कायदा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेला बदल गाडीत केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. मूळ फिल्टरच्या जागी तसाच फिल्टर घालणे ही देखभाल झाली. हवेचा सगळा मार्ग बदलणे हा बदल मानला जाऊ शकतो. वॉरंटीतील गाडीचा टर्बो गेला, तर कंपनी आधी त्याच पाइपकडे बोट दाखवील. अमेरिकेतही कॅलिफोर्नियात राज्याच्या हवा मंडळाची सूट मिळालेले किटच रस्त्यावर चालते.

मग करावे काय?

कंपनीने सांगितलेल्या दर्जाचा फिल्टर वापरा. पुस्तकात दिलेले किलोमीटर साध्या रस्त्यांसाठी असतात. यंत्रमागाच्या वस्तीत फिल्टर त्याआधीच तपासा. जोरदार हवा मारून कागद फाडू नका. सूक्ष्म भोकही धुळीला पुरते. हवा मारायचीच तर हलक्या दाबाने आतून बाहेर मारा. पेटीचे झाकण, रबरी नळी आणि क्लिपा घट्ट आहेत ना, ते पाहा. फिल्टरच्या पुढची नळी तडकली असेल तर उत्तम फिल्टरही निरुपयोगी ठरतो. इंटरकूलरवरचा कचरा साफ करा आणि टायरची हवा नियमित तपासा. जुन्या, साध्या पंपाच्या गाडीने काळा धूर सोडला, तर पहिली नजर फिल्टरकडे जाऊ द्या. या सगळ्याचा खर्च किटच्या तुलनेत किरकोळ आहे.

शेवटी एक गोष्ट आमच्या मिस्त्री बांधवांसाठी. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा उघड करणाऱ्या प्रेषितांची (स.) हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मालातला ऐब लपवणे जसे निषिद्ध, तसाच नसलेला गुण सांगणेही. ज्या गिऱ्हाइकाला ‘याची तुला गरज नाही, साधा फिल्टर पुरे’ असे आपण सांगाल, त्याच्याकडून किटचा नफा मिळणार नाही. पण तो दहा वर्षे आपल्याच गॅरेजात येईल आणि चार गाड्या सोबत आणील. आणि गाडीमालकांनीही फिजूलखर्चीतून वाचलेला पैसा गाडीच्या देखभालीत घालावा. हलाल रोजीची बरकत त्यातच आहे.