काजळी नुसती भिंतीला लागत नाही

कंदिलाची वात जरा जास्त वर काढली की ज्योत धुरकट होते आणि बघता बघता काच काळवंडते. रॉकेलला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून सगळा कार्बन जळत नाही. उरलेला बारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतो. हीच काजळी. चूल, वीटभट्टी, डिझेलचं इंजिन, उसाचं पेटवलेलं पाचट, वणवा, सगळीकडे हाच प्रकार. हवामानावरच्या तिच्या परिणामाबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: काजळीने छाती भरते, तापमान वाढतं ते कार्बन डायऑक्साइडमुळे.

वस्तुस्थिती: काजळी दोन्ही करते. कार्बन डायऑक्साइड जमिनीकडून परत जाणारी उष्णता अडवतो. काजळी थेट ऊनच पिते. दोरीवरचा काळा सदरा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, तसे हे कण तापतात आणि भोवतालची हवाही तापवतात.

गैरसमज: धुराने ऊन अडतं, म्हणजे गारवाच येणार.

वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं. १९९९ मध्ये ‘इंडोएक्स’ मोहिमेत वीरभद्रन रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी महासागरावर दक्षिण आशियातून आलेला तपकिरी, धुरकट थर मोजला. त्याच्या खाली समुद्रावर ऊन कमी पोचत होतं, पण अडलेल्या उन्हातलं बरंचसं त्या थरातली हवा तापवत होतं. खाली सावली, वर शेगडी! शिवाय सगळे कण काळे नसतात. कोळशातल्या गंधकापासून बनणारे सल्फेटचे कण ऊन परतवतात आणि गारवा देतात. त्यामुळे धूर एकंदरीत तापवणार की निववणार, हे काय जळलं आणि कसं जळलं यावर ठरतं.

गैरसमज: काजळी म्हणजे गाड्यांचा धूर.

वस्तुस्थिती: याचा उलगडा व्हायला सिंहगडाची मदत झाली. गडावर आणि मालदीवमधल्या हनिमाधू बेटावर शास्त्रज्ञांनी हवेतले कण फिल्टरवर गोळा केले आणि त्यांतला कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर हळूहळू संपत जाणारा कार्बनचा प्रकार, मोजला. डिझेल आणि दगडी कोळसा कोट्यवधी वर्षं जमिनीत राहिलेले, त्यामुळे त्यांच्यातला कार्बन-१४ कधीच संपलेला असतो. लाकूड, गोवऱ्या आणि पाचटात तो असतो. २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष आला: मोजण्याच्या पद्धतीनुसार तिथल्या काजळीचा ४६ ते ६८ टक्के वाटा लाकूडफाट्यासारख्या जैविक इंधनाचा. गाड्या निर्दोष नाहीत, पण एकट्या दोषीही नाहीत.

गैरसमज: धूर जिथला तिथेच विरतो.

वस्तुस्थिती: गंगेच्या खोऱ्यातली काजळी हिमालयापर्यंत जाते. ताजं बर्फ ८० टक्क्यांहून अधिक ऊन परतवतं. त्यावर काजळी बसली की ते जास्त ऊन शोषतं आणि लवकर वितळतं.

गैरसमज: काजळी थांबवली की तापमानवाढ थांबली.

वस्तुस्थिती: नाही. कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा हवेत शतकानुशतकं राहतो, तो कमी करण्याला पर्याय नाही. काजळी मात्र काही दिवसांत, फार तर एक-दोन आठवड्यांत, पावसाने धुतली जाते किंवा खाली बसते. म्हणूनच तिच्यावरच्या उपायाचं फळ लवकर मिळतं. आज एक चूल धुमसायची थांबली, तर पंधरवड्यात तिची काजळी हवेतून गेलेली असते. चुलीपुढे बसणारीला तर त्याच दिवशी मोकळा श्वास मिळतो.