जुन्या गाडीचे नवे चक्र

मोटारीच्या कोणत्या भागाशी मालकाची सर्वांत जवळची ओळख होते, असे विचारले तर पुष्कळजण इंजिनाचे नाव घेतील. परंतु इंजिन झाकणाखाली असते; त्याची गाठ पडते ती बहुधा मिस्त्रीशी. मालकाच्या हाताला रोज लागते ते सुकाणूचक्र, ज्याला आपण सरसकट ‘स्टिअरिंग’ म्हणतो. सतारीच्या दांडीवर वादकाच्या अंगठ्याची जागा जशी वर्षानुवर्षांच्या रियाजाने गुळगुळीत होते, तशी या चक्रावरही एका हाताची खूण उमटते. म्हणूनच ते बदलण्याची वेळ आली म्हणजे घरात थोडी चलबिचल होते.

हे चक्र मोटारीबरोबर जन्मले नाही. आरंभीच्या मोटारी होडीच्या सुकाणूसारख्या दांडीने वळवीत असत. १८९४ च्या पॅरिस-रूआं शर्यतीत आल्फ्रेड व्हाशरों या फ्रेंच गृहस्थाने आपल्या पानार गाडीला दांडीऐवजी चक्र बसविले आणि पुढे जगाने तोच मार्ग धरला. सुकाणूची ही विद्या सुरतेला परकी नाही. तापीकाठच्या या शहरातूनच लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली जहाजे बांधण्यासाठी मुंबईस गेले. त्यांच्या वंशजांनी मलबारी सागाचे बांधलेले, १८१७ सालचे ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाहावयास मिळते. त्याचीही पुष्कळ दुरुस्ती झाली. तरी जहाज तेच मानले जाते.

आपल्या बडोदेकरांना जुन्या गाड्यांचे अप्रूप सांगावयास नको. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला, तेव्हा संस्थानी थाटाच्या गाड्या अनेकांनी डोळे भरून पाहिल्या. परंतु तेथे दिसतात त्या राजेरजवाड्यांच्या गाड्या. मध्यमवर्गीय घराने पोटाला चिमटा घेऊन घेतलेली आणि नातवंडांपर्यंत जपलेली गाडी ही निराळीच चीज असते. सुरतेस नानपुऱ्यात राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांकडे अशी गाडी आहे. घराणे मूळचे देशावरचे, पण तीन पिढ्या सुरतेत गेल्या. गाडी म्हणजे १९५० नंतरच्या दशकातील फियाट अकराशे. पुढच्या फुगीर नाकामुळे मुंबईकरांनी जिला ‘डुक्कर फियाट’ असे प्रेमाचे नाव दिले, ती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली.

तिच्या चक्राला आऱ्यांपाशी तडे गेले होते. याचे कारण साधे आहे. त्या काळच्या चक्रात आत पोलादाचे कडे असते आणि त्यावर कठीण प्लॅस्टिकचा थर असतो. ऊन आणि वय यांनी वरचा थर आक्रसतो, आतले पोलाद आक्रसत नाही. मग थर फाटतो. नुसते तडे असतील तर ते कोरून रुंद करावेत, आत इपॉक्सी भरावे, घासून रंग द्यावा; चक्र पुन्हा कामास लागते. येथे मात्र तड्यांतून दमट हवा आत शिरून पोलादच गंजले होते. वरून कितीही रंग दिला तरी एखाद्या वळणावर आरा हातात येण्याची धास्ती. तेव्हा नवे चक्र घेणे भाग पडले.

निवडीसाठी तीन गोष्टी पुढे आल्या. एक, बाजारात मिळणारे नव्या घाटाचे, तेरा इंची, लाकडी कड्याचे देखणे चक्र. दोन, याच गाडीच्या नंतरच्या नमुन्याचे. आणि तीन, मुंबईच्या चोरबाजारात सापडलेले याच नमुन्याचे, रंग उडालेले पण आतून शाबूत असे जुने चक्र. स्नेह्यांची कन्या प्रथम लाकडी चक्रावर भाळली, आणि त्यात नवल नाही.

पण येथे तरफेचा नियम आडवा येतो. या गाड्यांना चाके वळविण्यासाठी यंत्राचे साहाय्य नाही. सारा जोर मनगटाचा आणि खांद्याचा. म्हणून त्यांची चक्रे मोठी ठेवीत. सोळा इंची चक्राच्या जागी तेरा इंची बसविले तर तेवढ्याच वळणाला सुमारे तेवीस टक्के अधिक जोर लागतो. सडकेवर वेगात हे जाणवत नाही. भागळच्या गर्दीत, गाडी गोगलगायीच्या गतीने चालताना, चांगलेच जाणवते. दुसरी अडचण खोलीची. या फियाटचा गिअरचा दांडा चक्राच्या मागेच असतो. चक्र अधिक पुढे आले तर बोटे दांड्यापर्यंत पोहोचत नाहीत. कन्येने तिन्ही चक्रे हातात धरून पाहिली, हे सारे ऐकून घेतले आणि चोरबाजारातल्या जुन्या चक्रावर हात ठेवला. “बाबा, यापुढे ही गाडी मलाच चालवायची आहे ना? मग मला पेलेल असं हवं,” एवढेच ती म्हणाली. वडिलांचा जीव आजोबांच्या खुणेत अडकला होता; मुलीने मात्र गाडी चालती राहण्याचा विचार केला.

बसविण्याचे काम एका वृद्ध मिस्त्रीने केले, आणि ते पाहण्यासारखे होते. प्रथम पुढची चाके सरळ केली, बॅटरीची तार सोडली, हॉर्नचे बटण काढले. मग दांड्यावर आणि चक्राच्या तुंब्यावर एका रेषेत खूण केली. मधला नट सैल केला, पण पुरता काढला नाही. पुलरच्या ताणाने चक्र एकदम सुटले तर तोंडावर आदळू नये, म्हणून ही खबरदारी. हातोड्याला त्याने स्पर्शही केला नाही. वर मारलेला ठोका दांड्यातून खाली स्टिअरिंगच्या पेटीतील दात्यांपर्यंत पोहोचतो. नवे चक्र चढविण्यापूर्वी दांड्यावरचे दाते आणि तुंब्यातील खाचा मोजून, घासून, जुळवून पाहिल्या. दात्यांची संख्या किंवा जाडी थोडीही निराळी असेल, तर नट आवळून चक्र बसल्यासारखे दिसते आणि ऐन वेळी निसटते. ही एकच बाब जिवाशी गाठ घालणारी आहे.

चक्र तिरके बसले तर? एक दाता सरकवावा. दांड्यावर छत्तीस दाते असतील तर एका दात्याने चक्र दहा अंश फिरते. त्याहून बारीक फरक खालच्या जोडदांड्यांनी काढावा लागतो. आम्हा गाणाऱ्यांना यात तंबोरा आठवतो: ढोबळ सूर खुंटीने लावावा, बारीक सूर मण्याने. मण्याचे काम खुंटीकडून करवून घेऊ पाहणाऱ्याचा तंबोरा लागत नाही.

कायद्याचाही एक शब्द येथे सांगणे बरे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होऊ शकते. मात्र ती मूळ स्वरूपात जपलेली असावी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. चक्राचे नाव या यादीत नाही. तेथे मालकाच्या विवेकावरच भिस्त.

तो विवेक कसा असावा? तंबोऱ्याच्या तारा बदलतात, घोडी घासली जाते, जवारी पुन्हा काढली जाते, क्वचित भोपळाही नवा येतो. तरीही जाणता ऐकणारा ‘हा तोच तंबोरा’ असे म्हणतो, कारण बदलणाऱ्याने त्याचा नाद राखलेला असतो. गाडीचा नाद तिच्या हाताळणीत असतो. बदललेला भाग तो राखीत असेल तर गाडी घराण्याची राहते. तो बिघडवीत असेल, तर भाग कितीही देखणा असला तरी ती परक्याची होते. नानपुऱ्यातील ते तडकलेले चक्र आता दिवाणखान्यात भिंतीवर आहे आणि फियाट रविवारी सकाळी डुमसच्या रस्त्याला लागते. खूण भिंतीवर राहिली, चाल रस्त्यावर राहिली. दोन्ही आपापल्या जागी शोभतात.