टायबरचा उतार

रोमचा विषय निघाला की आधी कौतुक होतं ते सात टेकड्यांचं. टेकड्यांचा उपयोग होताच. पूर आणि शत्रू दोन्ही खाली राहत. पण टेकड्या लॅटियममध्ये, म्हणजे रोमभोवतीच्या प्रदेशात, इतर गावांनाही होत्या. रोमला मोठं केलं ते पायथ्याच्या नदीने. टायबरमधल्या बेटाजवळ नदीला उतार होता. उत्तरेचे एत्रुस्कन आणि दक्षिणेला कंपानियातल्या ग्रीक वसाहती यांच्यातली ये-जा इथून होई. नदीच्या मुखाजवळच्या मिठागरांतलं मीठ डोंगराळ भागातल्या सॅबाइन लोकांकडे जाई, तेही इथूनच. समुद्र 25 किलोमीटरवर असल्याने मालाच्या होड्या वरपर्यंत येत, आणि चाच्यांची धाड मात्र अचानक पडत नसे.

टेकड्यांमधला सखल भाग दलदलीचा होता. इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांत भराव टाकून, नाला काढून रोमनांनी तो कोरडा केला आणि तिथे फोरम उभा राहिला. या शहराच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे काम. वेगवेगळ्या टेकड्यांवरच्या वस्त्यांना एकत्र जमायला जागा मिळाली ती या चिखलातून.

मोक्याच्या जागेवर शेजाऱ्यांचाही डोळा असतो. जेमतेम 16 किलोमीटरवरचं श्रीमंत एत्रुस्कन शहर वेई टायबर आणि मिठासाठी रोमशी पिढ्यान्‌पिढ्या झगडलं, इ.स.पू. 396 मध्ये ते रोमच्या हाती पडलं. पुढच्या काही वर्षांतच उत्तरेकडून आलेल्या गॉल टोळ्यांनी रोम लुटलं. आल्प्सची भिंत नकाशावर दिसते तितकी अभेद्य कधीच नव्हती. अशा उघड्या जागेवरच्या शहराला स्वस्थ बसणं परवडणारं नव्हतं. जिंकलेल्या गावांकडून रोमने खंडणीऐवजी सैनिक मागितले, घाटांच्या आणि नद्यांच्या नाक्यांवर आपल्या वसाहती बसवल्या. इ.स.पू. 312 मध्ये कापुआकडे जाणारा आपियन मार्ग सुरू झाला. इ.स.पू. 225 च्या सुमारास रोम आणि मित्रांकडे मिळून सात लाखांहून अधिक पायदळ उभं करण्याची ताकद होती, असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस नोंदवतो.

कार्थेजचा सेनापती हॅनिबल इ.स.पू. 218 मध्ये आल्प्स ओलांडून आला, तेव्हा या सगळ्याची कसोटी लागली. दोन वर्षांनी कॅनीच्या लढाईत त्याने रोमन सेनेची कत्तल केली. वाचलेला कॉन्सुल व्हॅरो पळून गेला तो व्हेनुसिया या जवळच्याच वसाहतीत. कापुआ फुटलं, दक्षिणेतली आणखी काही गावं फुटली, पण मध्य इटली आणि लॅटिन वसाहती हलल्या नाहीत. हॅनिबलला नवे सैनिक सहज मिळेनात, रोमला मात्र ते दरवर्षी मिळत राहिले. इ.स.पू. 203 मध्ये कार्थेजने त्याला परत बोलावलं.