मुलाचे वर्तन आणि योग्य तज्ज्ञ
मूल हट्ट करू लागले वा वर्गात लक्ष देईनासे झाले, म्हणजे त्यास वाईट वळण लागले असे सहज म्हटले जाते. परंतु वर्तन हे पुष्कळदा केवळ लक्षण असते. मूळ कारण निराळेच असते. ज्यास नीट ऐकू येत नाही, ते मूल आज्ञा मोडते असे भासते. म्हणून प्रथम बालरोगतज्ज्ञाकडून कान, डोळे, झोप व वाढ यांची तपासणी करून घ्यावी. त्यानंतर चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ चाचण्यांनी बुद्धी व अवधान पारखतो आणि वर्तनोपचार योजतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे की नाही, हे पाहावे. तो औषध देत नाही. त्याची गरज भासल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. २०१३ साली आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात याच हेतूने जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. तज्ज्ञाकडे जाताना पालकांनी व शिक्षकांनी, ते वर्तन केव्हा, कोठे व कशानंतर घडते, याची टिपणे न्यावीत. ते घरी व शाळेत दोन्हीकडे दिसते की एकाच ठिकाणी, यावरून निदानास दिशा मिळते. शिक्षेने बहिरेपणा बरा होत नाही. मुलाची शिकण्याची वर्षे मात्र वाया जातात.