घड्याळ घेऊन उभा राहिलेला गिरणीमालक

उत्तर इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावाच्या टाऊन हॉलखालून चक्क नदी वाहते. 1875 साली ही इमारत उघडली तेव्हा यॉर्कशायर आणि लँकाशायर या दोन परगण्यांची हद्दही तिच्या मधूनच जात होती. दर्शनी शिल्पात म्हणूनच एकीकडे लँकाशायरचा कापूस आहे आणि दुसरीकडे यॉर्कशायरची लोकर, शेती, यंत्रकाम. पुढे 1888च्या कायद्याने सगळं गाव यॉर्कशायरकडे गेलं. पोट मात्र कापसावरच भरत राहिलं.

हॉल बांधला फील्डन घराण्याने. 1782 साली जोशुआ फील्डनने तीन घरांत सूतकताई सुरू केली आणि मुलांनी तिची बलाढ्य पेढी केली. त्यांतला जॉन दहाएक वर्षांचा असतानाच बापाच्या गिरणीत कामाला लागलेला. 1832 मध्ये तो ओल्डहॅमचा खासदार झाला. मँचेस्टरच्या एका सभेत त्याने ऐकलं, की गिरणीतलं पोर दिवसाला 24 मैल चालतं. त्याला ते खरं वाटेना. घरी आल्यावर तो स्वतःच्याच गिरणीत घड्याळ घेऊन उभा राहिला, एका मुलीच्या येरझाऱ्या पाहिल्या आणि हिशेब मांडला. 20 मैल भरले! एखाद्याने कागद फाडून टाकला असता. याने तो आकडा 1836 साली जगजाहीर केला. 1847चा दहा तासांचा कायदाही संसदेत त्यानेच तडीस नेला. बायका आणि 13 ते 18 वर्षांची मुलं यांच्यापुरताच तो होता, पण पुरुषांची पाळीही त्यामागोमाग आखडत गेली.

या भागाशी आपलंही एक नातं आहे. अमेरिकेतल्या यादवीत (1861–65) तिकडचा कापूस अडला, तेव्हा लँकाशायरच्या गिरण्यांनी मुंबई बंदरातून गाठी मागवल्या. मुंबईचे व्यापारी मालामाल झाले. तिकडचे कामगार मात्र या आखूड धाग्याच्या ‘सुरती’ मालाला शिव्या घालत. सूत सारखं तुटायचं, आणि मजुरी उतरलेल्या मालावर.

गावाने दोन नोबेल मानकरीही दिले. अणुकेंद्र फोडणारे जॉन कॉक्रॉफ्ट (1951) गिरणीवाल्याच्या घरातले, तर रसायनशास्त्रज्ञ जेफ्री विल्किन्सन (1973) घरं रंगवणाऱ्या कारागिराचे चिरंजीव. वयात 24 वर्षांचं अंतर, पण शाळा एकच. भौतिकशास्त्राचे मास्तरही एकच, ल्यूक सटक्लिफ.