पोपट पाळण्याआधी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे, हे पांढुर्णा-सौंसर भागात अजून अनेकांना पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ओसरीत मिठ्ठूचा पिंजरा टांगलेला पाहिलेला असतो आणि त्यापायी कुणाला शिक्षा झाल्याचं ऐकिवात नसतं, त्यामुळे कायदा वाघ-बिबट्यांपुरताच आहे असं वाटतं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचीत आपला गळ्यात कंठ असलेला हिरवा पोपट आहे, खांद्यावर तांबडा डाग असलेला थोराड ‘पहाडी’ही आहे. कायदा केंद्राचा आहे. पक्षी नागपुरात घेतला काय नि इथल्या बाजारात घेतला काय, गुन्हा तोच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

यावर विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं: हा जंगलातला नाही, पिंजऱ्यातच जन्मलाय. मात्र सूचीतल्या प्राण्याची पैदास बंदिवासात झाली तरी कायदा त्याला लागू होतो. शिवाय पक्षी नीट पाहा. पोपट उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडांच्या ढोलीत पिल्लं काढतात आणि त्याच सुमारास पिल्लं विकायला येतात. आखूड शेपटी, अर्धवट फुटलेली पिसं, काळेभोर डोळे असं पिल्लू दिसलं, तर ते बहुधा ढोलीतून काढलेलं आहे असंच समजावं. नराच्या गळ्यातला कंठही साधारण तिसऱ्या वर्षी उमटतो, म्हणून कंठ नाही तर मादीच, हाही गैरसमजच. ढोली फोडून पिल्लं काढली की पोपटांची पुढच्या हंगामाची जागाही जाते.

‘आम्ही त्याला पोटच्या पोरासारखं जपतो,’ असंही म्हणतात. ती माया खोटी नसते, पण थव्याने उडणाऱ्या पक्ष्याला जन्मभर एकटं कोंडल्याची भरपाई तिने होत नाही. बंदिवासात हा पोपट वीस-पंचवीस वर्षं जगू शकतो. मिरची खाल्ल्याने तो बोलायला लागतो, हे तर निव्वळ ऐकीव आहे. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. चहात बुडवलेली पोळी आणि नुसते दाणे यांवर ठेवलेल्या पोपटाला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं आणि तो आजारी पडतो.

मग लव्ह बर्ड्स? या नावाने आपल्याकडे विकले जातात ते बहुधा ऑस्ट्रेलियाचे बजरीगर, आणि ते पाळायला बंदी नाही. मात्र परदेशी म्हणजे सगळंच मोकळं, असं नाही. आफ्रिकन ग्रेसारख्या पक्ष्यांची २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बजरीगर घेतानाही आधी जोडीचा, आडव्या ऐसपैस पिंजऱ्याचा, मे महिन्यातल्या सावलीचा आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा विचार करावा. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात. फुगून, डोळे मिटून बसलेला पक्षी दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुरानेही ते दगावतात, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको.

घरात आधीच पोपट असेल, तर हे वाचून त्याला लगेच उडवून देऊ नका. माणसाच्या हातावर वाढलेल्याला अन्न शोधता येत नाही, मांजर-कुत्र्यापासून जीव वाचवता येत नाही. जवळच्या वनविभागाच्या कार्यालयाशी बोला आणि पक्षी त्यांच्या स्वाधीन करा. आणि पोपट नजरेसमोर हवेच असतील, तर बांधावरचं ढोलीचं जुनं झाड तोडू नका.