चाकाचा एक स्टड तुटला? ‘चार तर आहेत ना’ म्हणू नका

तुमच्या गाडीच्या चाकाला किती नट आहेत, न बघता सांगता येईल? मलाही येत नव्हतं. मागच्या हिवाळ्यात रायपूरच्या शंकर नगरात, मावसभावाच्या दारात उकिडवं बसून मी ते पहिल्यांदा मोजले. पाच हवे होते, तीनच होते.

दादाची गाडी म्हणजे सेकंड हँड मस्टँग. गल्लीतली लहान मुलं अजूनही तिच्यासोबत फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी नागपूरला लग्न होतं आणि निघण्याआधी सगळ्या चाकांची हवा तपासताना दादाला एक नट तिरका बसलेला दिसला. पाना लावून जोर दिला, ‘टक्’ असा आवाज झाला आणि नटासकट स्टडचा तुकडा हातात आला. शेजारचा नट निघाला, पण त्याच्या स्टडचे आटे पार गेलेले. (आपण मराठीत आटे म्हणतो, इथले मेकॅनिक चूडी म्हणतात.) पंधरा दिवसांपूर्वीच एका दुकानात पंक्चर काढलं होतं. तिथल्या पोऱ्याने हवेच्या गनने नट आवळले होते, गाडी हलेपर्यंत.

“तीन आहेत ना? हळू जाऊ,” काका म्हणाले. गाडीत पाच माणसं आणि सगळं सामान, रस्ता जवळपास 285 किलोमीटर. घरात तासभर वाद झाला.

स्टड नेमकं काय करतो?

आपल्याला वाटतं, गाडीचं वजन त्या पाच दांड्यांवर टेकलेलं असतं. खरं तर स्टड आणि नट मिळून चाकाला हबवर घट्ट दाबून धरतात आणि त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं ते भार पेलतं. नट आवळताना स्टड किंचित ताणला जातो, रबरबँडसारखा. तो ताण हीच त्याची पकड.

नट सैल असेल तर चाकाच्या प्रत्येक फेरीला स्टड वाकतो. ताशी 80 च्या वेगाने चाक सेकंदाला साधारण 11 वेळा फिरतं. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसंच. आणि नट प्रमाणाबाहेर आवळला तर ताणलेला रबरबँड परत आखडतच नाही, स्टड आतून कमजोर होऊन बसतो. म्हणून दोन तुटले की उरलेले तीन ‘चांगले’ आहेत असं समजू नका. त्यांनीही तीच गन खाल्लेली असते, वर आता दोघांचं कामही त्यांच्यावर पडतं.

गनने घोटाळा फक्त गल्लीतल्या दुकानातच होतो असं नाही हं. 2021 च्या मोनॅको ग्रां प्रीमध्ये व्हाल्टेरी बोटास दुसऱ्या क्रमांकावर होता. पिट स्टॉपमध्ये गनने त्याच्या चाकाचा नट असा खरवडला गेला की चाक निघेचना. शर्यत तिथेच संपली. ते चाक निघालं थेट मर्सिडीजच्या इंग्लंडमधल्या कारखान्यात.

तर काकांचं कोणी ऐकलं नाही. सगळे रेल्वेने गेलो, दादा तोंड पाडून खिडकीत बसला होता.

बदलताना काय बघायचं?

परतल्यावर ओळखीच्या मेकॅनिककडे काम केलं. त्याने सांगितलं, या चाकाचे पाचही बदला. मला ते पटलं, कारण स्टडची किंमत त्या चाकापुढे किरकोळ आहे. तुम्ही स्वतः करणार नसाल तरी शेजारी उभं राहून एवढं नक्की बघा.

गाडी नुसत्या जॅकवर नको, खाली स्टँड हवा आणि बाकीच्या चाकांना अडण. ब्रेकचा कॅलिपर काढला की तारेने टांगायचा, पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. मग डिस्क निघते आणि जुना स्टड समोरून हातोड्याने ठोकून मागे पाडता येतो. काही गाड्यांत मागे जागाच नसते, तिथे हब उतरवावा लागतो. घाई झालेला माणूस नेमका इथेच शॉर्टकट शोधतो.

नवा स्टड मागून घालायचा. त्याच्या मानेवर बारीक दाते असतात, ते हबच्या भोकातल्या खाचांत जुळवायचे. नंतर पुढून वॉशरची चळत आणि एक जुना नट लावून हळूहळू ओढून घ्यायचा, मागचं डोकं हबला सपाट टेकेपर्यंत. आट्यांना ग्रीस किंवा तेल नको. त्याने नट सहज फिरतो आणि पाना योग्य आकडा दाखवत असला तरी स्टड जास्त ताणला जातो.

चाक बसवताना नट आधी हाताने फिरवा. हाताने दोन-चार फेरे घेतले नाहीत तर तो तिरका लागलाय, काढून पुन्हा लावा. मग एकाआड एक, चांदणी काढल्यासारखे आवळा. शेवटचा पीळ टॉर्क पान्यानेच. दादाच्या गाडीला 204 न्यूटन-मीटर लागतात, बहुतेक छोट्या गाड्यांना याच्या निम्म्याच्या आसपास. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेत असतो. (फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू असेल तर स्टड शोधू नका, तिथे थेट बोल्ट असतात. आकडा मात्र त्यांनाही असतो.)

आणि शंभरेक किलोमीटरनंतर गाडी थंड असताना पुन्हा एकदा पाना लावायचा. हे कोणीच करत नाही. आम्ही केलं. तेलीबांधा तलावाच्या चकरा आणि दादाचं रोजचं ऑफिस मिळून आठवड्यात तेवढं अंतर झालं. पाचपैकी चार नट जागचे हलले नाहीत, पाचव्याने पाव फेरी घेतली.

काका शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, “आता माझ्या गाडीचेही बघ.”